मरळीच्या जागेवरची काटी

आखाडात मरळ मासळी पिल्लं काढते. पिल्लं लालभडक असतात. लाल तिखट पाण्यावर सांडावं तसा त्यांचा घोळका दिसतो. सगळी एकदम वर येतात, तोंडं उघडतात, एकदम खाली जातात. खाली नर आणि मादी दोघंही राखणीला असतात. हा घोळका आमच्या तलावात ज्याला दिसेल त्यानं तिथं बाभळीची फांदी रोवायची. तिला आम्ही काटी म्हणतो. काटी दिसली की कुणी तिथं जाळं टाकत नाही, गळ सोडत नाही. पिल्लं काळी पडून पांगली की फांदी उपटायची. काठावर दारू पाडणारेसुद्धा काटी पाळत.

मी भोयाची बाई. चौथीपर्यंत शाळा झाली आणि लग्न करून तामलवाडीच्या अंगाला या तलावावर आले. नवरा गेल्यापासून काट्या मीच रोवते. गुऱ्हाळातली रस आटवायची जुनी लोखंडी काहील हीच माझी होडी. नवख्या माणसाला ती जागच्या जागी गरगर फिरवते. मला फिरवत नाही.

मुलानं जाळं सोडलं आणि फायबरची लहान होडी घेतली. सोलापूर-पुण्याकडनं हौशी लोक येतात, त्यांना तो तलावात नेतो. त्यांच्याकडं रबराचे बेडूक असतात, बेडकाच्या अंगात आकडे लपवलेले. बेडूक लांब फेकायचा आणि पाण्यावरनं टुणटुण ओढत आणायचा. मरळ उसळून तो धरते. मग तिच्यासंगं फोटो काढून तिला परत पाण्यात सोडतात. मला याची काही अडचण नव्हती. रोजगार आहे, करू दे, असं म्हणत होते.

यंदा चिंचेच्या कोपऱ्यात मला घोळका दिसला. मी काटी रोवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर जाळं वाळत घालत होते, तर मुलाची होडी सरळ काटीकडं निघाली. वाटलं, लक्ष नाही त्याचं. मग त्यानं हात लांब करून दाखवलं, "त्या फांदीच्या अलीकडं टाका, साहेब."

बेडूक पिल्लांच्या मधोमध पडला. मरळ तशीच धावून आली. भुकेनं नाही. पिल्लांवर कोण आलं म्हणून चावायला आली. साहेबानं तिला दोन्ही हातांवर धरून फोटो काढला आणि अगदी जपून पाण्यात सोडलं. तेवढ्यात नरही तसाच धरला आणि सोडला. दोघं पिल्लांपासून लांब होती तोवर चिलापी माशांनी घोळका फोडला. पाणी उकळल्यासारखं झालं. साहेब टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं, मासे खेळतायत.

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा मी विचारलं, "काटी कशाला असती रे?"

"माय, मासा मारला का? सोडला की."

"आन् पिल्लं?"

"पिल्लं लई असत्यात. सगळी थोडीच जगत्यात."

"व्हय? मग तुझ्या पोरांतलंबी एक टाकून येऊ का चिलापीला?"

"पोरांवर कशाला जाती?" त्यानं भाकरी मोडली. "गेल्या सालपासनं असंच चाललंय. तू काटी रोवती म्हणून मला हुडकत फिराय लागत न्हाय."

हे त्यानं माझं कौतुक केल्यासारखं म्हटलं. गेल्या वर्षी मी उन्हातान्हात रोवलेली एकेक काटी माझ्या डोळ्यांपुढं आली. प्रत्येक काटीशी हा माणसं घेऊन गेला होता. न कळून केलं असतं तर दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. याला सगळं कळत होतं. बापाच्या मांडीवर बसून शिकला होता.

दुसरा घोळका कोपऱ्याच्या पलीकडं होता, त्याची काटी अजून रोवायची होती. रोवली तर बेडूक येणार. न रोवावी तर दुसऱ्यांची जाळी येणार. रात्रभर तळमळले. उजाडताच कोयता घेऊन बाभळ तोडली, काहील भरली आणि काठानं सगळीकडं फांद्या रोवत सुटले.

चुलत दीर काठावरनं ओरडला, "वहिनी, तलावाला कुंपण घालताय का? आमी जाळं कुठं टाकायचं?"

"मधी टाका. मधी मरळ पिल्लं काढत न्हाय."

"आन् खरी काटी कंची?"

"तुमच्या पुतण्याला विचारा."

तो थांबला, तंबाखू थुंकला. "त्याला कळावं असं असतं तर तुमी एवढी बाभळ तोडली नसती." आणि जाळं घेऊन मधल्या पाण्याकडं गेला.

मुलगा गिऱ्हाईक घेऊन आला. या फांदीपासून त्या फांदीला हिंडला. बेडूक काट्यांत अडकत होते, तुटत होते. शेवटी गिऱ्हाइकांतल्या एकानं मला नीट हात जोडून विचारलं, "मावशी, मासे नक्की कुठल्या फांदीपाशी आहेत?"

"एका फांदीपाशी हायत."

"कुठल्या?"

"ते सांगायला रोवली न्हाय."

मुलगा माझ्याकडं न बघता होडी वल्हवत निघून गेला. जेवताना म्हणाला, "मला तरी सांग. म्या लांबनं जाईन."

खरंही बोलत असेल. मी त्याच्या ताटात कालवण वाढलं आणि म्हटलं, "पिल्लं पांगली की सांगते."

त्यानं ताट सरकवलं. तेव्हापासून बोलत नाही. बायकोच्या हातून निरोप पाठवतो. मी रोज काहील घेऊन जाते, सगळ्या फांद्यांपाशी थांबते, म्हणजे कुणाला कळत नाही. आज पाहिलं, घोळका अजून लाल आहे. तो काळा पडेपर्यंत मुलगा नाही बोलला तरी चालेल.