माझ्या हातचा माफीनामा

माझ्या खुर्चीवर आबासाहेब बसले होते आणि मी माझ्याच टेबलापुढे उभ्याने, वाकून, माझाच माफीनामा लिहीत होतो. तालुक्याच्या कचेरीबाहेर, जिथे मी लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देतो, भर बाजाराच्या दिवशी. आबासाहेब आमच्या गावचे वजनदार गृहस्थ. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मागे त्यांची चार माणसे.

"लिही बे. तुझं अक्षर लई झ्याक हाय म्हणत्यात," ते म्हणाले.

माझे शिक्षण सातवीपर्यंत; परंतु माझ्या मसुद्यास तालुक्यात तोड नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. वकीलसुद्धा मला शब्द विचारतात. त्याच हाताने मी लिहीत होतो की, ख्रिस्ती प्रार्थनेच्या नावाखाली मी भोळ्या लोकांची दिशाभूल केली, त्याबद्दल क्षमा मागतो, आणि यापुढे माझ्या घरी रविवारची प्रार्थना होणार नाही.

वस्तुस्थिती निराळी. आमचे घर आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारी ओसरीत सतरंजी टाकतो. अकरा माणसे बसतात, बहुतेक ऊसतोडीहून परतलेली. पवित्र शास्त्र वाचतो, आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, चहा पितो. एवढेच. ते बंद व्हावे म्हणून आबासाहेबांच्या सांगण्यावरून गावच्या चक्कीने आमचे दळण बंद केले. बायको ज्वारीचे गाठोडे घेऊन एसटीने तलवाड्याच्या चक्कीवर जाऊ लागली. ती कधी कुरकुरली नाही. मी मात्र दारात मोटारसायकल थांबली की मोरीत जाऊन उभा राहत असे.

तर भीतीपोटी लिहीत गेलो. भाषासुद्धा सुरेख उतरत होती. ही लाज मी लपवीत नाही.

शेवटची ओळ आली. ती अशा प्रत्येक कागदाला असते. 'वरील मजकूर कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून दिला असे.' वीस वर्षे ती ओळ मी डोळे झाकून लिहीत आलो. इथे हात थांबला.

मला एक बाई आठवली. शेतातला हक्क भावांच्या नावे सोडायला आली होती. तिघे भाऊ तिला खेटून उभे. मी तिचा अंगठा शाईवर दाबला तेव्हा तो थरथरत होता. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी लिहिले, राजीखुशीने. असे किती जणांचे भेदरलेपण मी सुबक अक्षरांखाली पुरले असेल? तेव्हा वाटे, आपले काम लिहिण्याचे.

"कावून थांबला बे? येसूला इचारतो का?"

माणसे हसली. अर्जासाठी थांबलेली माझी गिऱ्हाइकेही हसली.

मी पेन खाली ठेवले.

"हे खोटं आहे. मी लिहून देणार नाही."

आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावे लागले. मग कागद फाडला. आबासाहेब शांतपणे उठले. आयतवारी बघू, एवढेच म्हणाले. जाताना एकाने टेबलाला लाथ घातली. धुळीतले कागद मी एकट्याने वेचले. कोणी वाकले नाही.

घरी सांगितले. बायको दळण आणून नुकतीच टेकली होती.

"भेव वाटतंय का?"

"लई."

"मला बी. सतरंजी झटकून ठिवते."

रविवारी अकरांपैकी चार आले. समोर आबासाहेबांच्या माणसांच्या दोन मोटारसायकली, इंजिने चालू. बायकोने अंगणाचे दार सताड उघडले. वाचताना माझा आवाज दोनदा तुटला. त्यांनी आत पाहिले, आम्ही बाहेर पाहिले. त्या दिवशी काही झाले नाही. पुढे होईल, हे मला ठाऊक आहे.

आता कागद करण्याआधी मी सोबतच्यांना दूर पाठवतो आणि अंगठा देणाऱ्याला एकट्याने विचारतो. दोघेजण कागद न करताच परत गेले. त्यांचे नातलग मला शिव्या घालतात.

ख्रिस्ताने माझी भीती काढून घेतली, असे खोटे मी लिहिणार नाही. शनिवारी घास उतरत नाही. टेबल गेले तर जाईल. मार बसला तर बसेल. चाराचे शून्य झाले तरी रविवारी माझ्या ओसरीत शास्त्र वाचले जाईल, दार उघडे ठेवून. ते बंद केल्याचा कागद माझ्या सहीने कोणालाही मिळणार नाही.