पलीकडच्या मशीनचा आवाज

पडदा वर जातो तेव्हा दिसते ती एक बाहेरची खोली. डावीकडे खिडकी, खिडकीत वाळत घातलेला एकच मोजा. दुसरा कुठे गेला हे घरात कुणालाच ठाऊक नाही. उजवीकडे भिंतीला लागून पलंग. मधोमध टेबल, टेबलावर कंपनीने दिलेला संगणक आणि अगदी कोपराला लागेल असं जुनं काळं शिलाई मशीन. मशीनच्या पलीकडे वेताच्या खुर्चीत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ डोळे मिटून बसले आहेत. झोपलेत असं वाटतं, पण झोपलेले नाहीत. नऊ वाजायला दोन मिनिटं कमी. आतून टॉवेलला हात पुसत एक बाई येते, हेडफोन चढवते, घसा साफ करते आणि म्हणते, "नमस्कार. बोला, काय म्हणतंय मशीन?"

चाळीस वर्षं मी रंगभूमीवर काढली. तिसरी घंटा झाली तरी आम्ही विंगेत केसांच्या पिना शोधत असायचो. नऊला दोन मिनिटं असताना, एकही दिवस न चुकता प्रवेश घेणारी ही पहिलीच मी पाहिली, आणि तीही माझ्या समोरच्या घरात.

आमच्या इमारतीत हिला सगळे सूनबाई म्हणतात. तिचे सासरे तिला तशी हाक मारतात, ती हाक तीन जिने खाली जाते, त्यामुळे पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी तीच उचलली. सासरे म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिंपी. बाजाराच्या कोपऱ्यावर पन्नास वर्षं त्यांचं दुकान होतं. मी रंगवलेल्या निम्म्या राण्यांचे झगे त्यांनी शिवलेले. एका राणीचा तर त्यांनी पडद्यामागे, दोन अंकांच्या मध्ये, माझ्या अंगावरच उसवून सैल केला होता. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात राहिले सासरा आणि सून.

सूनबाई शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेते. कुणाचं मशीन बिघडलं की फोन हिच्याकडे. पूर्वी त्यासाठी दोन बस बदलून ऑफिसला जायची, जायला पावणेदोन तास, यायला त्याहून जास्त. तिथे एका मोठ्या हॉलमध्ये तीस जण एकाच वेळी बोलणार. समोर बिघाडांचं जाडजूड पुस्तक. तक्रार पुस्तकात सापडली नाही की म्हणायचं, "मेकॅनिक पाठवतो." मेकॅनिक चार दिवसांनी जायचा आणि बघायचा, तर सुई उलटी बसवलेली.

त्याच काळात मास्तरांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं. एकदा न्हाणीघरात पाय घसरून ते तासभर तसेच पडून होते. तेव्हापासून दुपारी सूनबाईचा मला फोन यायचा, "मावशी, जरा डोकावता का?" मी डोकावायची. मास्तर पलंगावर बसलेले. विचारायचे, "बाई, किती वाजले?" मी सांगायची. पाच मिनिटांनी पुन्हा, "किती वाजले?" ज्या माणसाकडे लग्नघराची माणसं दारात उभी राहून शिव्या खात कपडे न्यायची, त्याला आता दिवस कापता येत नव्हता.

मग दीड वर्षापूर्वी कंपनीच्या ऑफिसचं छत गळायला लागलं. दुरुस्ती निघाली, आणि सगळ्यांना संगणक देऊन सहा महिन्यांसाठी घरी पाठवलं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एक गिऱ्हाईक म्हणालं, मशीन कसलासा आवाज करतंय, कसा ते सांगता येत नाही. सूनबाई म्हणाली, "मग सांगू नका. फोन मशीनजवळ ठेवा आणि चालवा." तीस जणांच्या कलकलाटात हे कधी तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. घरात शांतता. हेडफोनची वायर नेमकी सैल होती, त्यामुळे पलीकडच्या मशीनचा आवाज खोलीभर झाला. टक, टक, टक. पलंगावरून मास्तर म्हणाले, "सुई वाकलीये त्याची."

सुईच वाकली होती.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मास्तर दाढी करून तयार. मी विचारलं, "कुठे निघालात?" म्हणाले, "कुठे म्हणजे? ड्यूटी आहे." जुनं मशीन माळ्यावरून उतरलं, टेबलाशेजारी आलं, वेताची खुर्ची आली. गिऱ्हाईक चालवून दाखवणार, मास्तर डोळे मिटून ऐकणार, सूनबाई आपल्या मशीनवर हात ठेवून पलीकडच्याला एकेक पेच सांगणार: उजवीकडचा सैल करा, चाक आपल्याकडे फिरवा, दिसली बॉबिन? मध्येच दोघांची जुंपायचीही.

"बाबा, गिऱ्हाईकाला 'कुणी शिकवलं तुला' असं म्हणायचं नसतं."

"मग काय म्हणायचं? सुपारी फोडायच्या जोराने चालवतोय तो."

"म्हणायचं, जरा हळू चालवा."

"तेच म्हटलं मी."

सूनबाईच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली. दुपारचं जेवण ती गरम जेवू लागली. महिन्यातून एकदा ऑफिसात जाऊन यायची, मैत्रिणींशी बोलून बोलून घसा बसवून परतायची. मैत्रिणी रोज भेटत नाहीत, तेवढी एक चुकचुक तिला होती, बाकी काही नाही. आणि मास्तर आता मलाच विचारायचे, "बाई, इतके वाजले, अजून चहा नाही झाला तुमचा?"

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाचं दीड. छत केव्हाच नीट झालं होतं. एके दिवशी कंपनीत नवीन साहेब आले आणि म्हणाले, घरी बसून काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. येत्या महिन्यापासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. ज्यांना घरूनच करायचंय त्यांच्याकडे एक मॅडम येऊन बघून जातील आणि ठरवतील.

हे ऐकून मास्तर म्हणाले, "शेळ्या पोचतात ना गोठ्यात? मग उंटाशी काय भांडण?"

सूनबाई मात्र हसली नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "मावशी, ऑफिसला जायचं ठरलं तर मला नोकरी सोडावी लागेल. बाबांना एकटं ठेवायची हिंमत नाही माझी. आणि मॅडमनी त्यांना खुर्चीत पाहिलं तरी नोकरी जाईल. कंपनीचा नियम आहे, फोन चालू असताना खोलीत दुसरं कुणी नको."

"एवढंच ना?" मी म्हणाले. "नेपथ्य माझ्यावर सोड."

आता सांगायला लाज वाटते, पण ते नेपथ्य मी फार मन लावून केलं. पलंग आत, मोजा आत. भिंतीवर जगाचा नकाशा. शिलाई मशीनवर पांढरी चादर, चादरीवर काचेची फुलदाणी, काठोकाठ पाणी आणि फुलं. वेताची खुर्ची आणि खुर्चीतले मास्तर, दोन्ही माझ्या घरी. खोली अशी दिसू लागली की तिथे कुणी राहत असेल अशी शंकाही येऊ नये. सूनबाई म्हणाली, "मावशी, मशीन झाकलं तर मी काम कसं करू?" मी म्हणाले, "एक तासाचा प्रश्न. पाठ असेल ते म्हण." नटीचा सल्ला तो. आमचं सगळं पाठच असायचं.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, उंच, हातात फाईल. जिने चढून दमल्या होत्या, पण दमलेलं दाखवायचं नाही अशा. मला शेजारीण म्हणून चहा घेऊन जायची परवानगी होती, म्हणून पुढचं सगळं मी दारातून पाहिलं. मास्तरांना मी बजावून ठेवलं होतं, "आवाज नाही." त्यांनी मान डोलावली होती. पण दोन्ही घरांची दारं समोरासमोर, आणि चहाचा ट्रे हातात असल्यामुळे माझं दार उघडंच राहिलेलं.

पहिले दोन फोन साधे होते. तिसरा एका बाईचा, आवाज रडवेला. चाळीस गणवेश उद्या सकाळी द्यायचे, मशीन जड झालंय, दणके देतंय, सुई दोनदा बदलली, दोन्ही मोडल्या.

सूनबाईने पुस्तक उघडलं. पान उलटलं, पुन्हा मागचं काढलं. तिचा उजवा हात सवयीने मशीनकडे गेला आणि फुलदाणीला लागला. मग तिने हेडफोनची वायर काढून आवाज खोलीत सोडला. "ताई, रडू नका. फोन मशीनच्या पोटाशी ठेवा आणि चाक हाताने फिरवा, अगदी हळू." आणि मॅडमकडे वळून, "हे जरा धरता?"

फुलदाणी मॅडमच्या हातात. चादर जमिनीवर. मशीनची पट्टी सरकवून सूनबाईचा हात आत.

पलीकडून आवाज आला. धप. मग काही नाही. धप.

"सुई नाही," सूनबाई म्हणाली. "खाली बॉबिन बसते त्या शटलमध्ये..."

"शटलमध्ये दोरा," माझ्या घरातून मास्तरांचा आवाज आला. तीन जिने खाली जाणारा आवाज तो.

"शटलमध्ये दोऱ्याचं टोक अडकलंय," सूनबाईने वाक्य पुरं केलं. मग स्वतःच्या मशीनवर बोट ठेवत ठेवत तिने त्या बाईला बॉबिन काढायला लावली, चाक मागे-पुढे हलवायला लावलं, चिमटीने टोक ओढायला लावलं, तेलाचा एक थेंब. सात मिनिटं लागली. तेवढा वेळ मॅडम फुलदाणी छातीशी धरून बसल्या होत्या, एक फूल त्यांच्या नाकाशी. मग पलीकडचं मशीन सुरळीत धावू लागलं आणि ती बाई ते थांबवायलाच तयार होईना.

फोन ठेवल्यावर मॅडमनी विचारलं, "तो आवाज कुणाचा?"

खोटं बोलायला वाव होता. रेडिओ म्हणता आलं असतं. मी ट्रेसकट तयारच होते.

"माझे सासरे," सूनबाई म्हणाली. "शिंपी आहेत. रोज इथे, या जागेवर बसतात. नियमात बसत नाहीत, पण इथे बसतात. आज लपवले होते."

"पण उत्तर तर त्यांच्याआधी तुम्हीच देत होता."

"हो. आता येतं मला. वर्ष झालं येऊन."

"मग त्यांना कशाला विचारता?"

सूनबाईने चादर उचलून घडी घातली. हळू आवाजात म्हणाली, "नाही विचारलं तर ते दिवसभर काय करतील?"

हे मलासुद्धा नवीन होतं. वर्षभर मी समजत होते की मास्तर हिला सांभाळतात.

मॅडमनी फुलदाणी खाली ठेवली आणि मास्तरांना बोलवा म्हणाल्या. मास्तर आले, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट, चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, गिऱ्हाईकाची नावं, पत्ते, फोन, सगळं तुमच्या कानावर पडतं. बाहेर गेलं तर कंपनीची नाचक्की. त्याचं काय?"

"मॅडम," मास्तर म्हणाले, "पन्नास वर्षं अख्ख्या गावाच्या कमरेची मापं पोटात ठेवली आहेत. यांचं माप विचारा कुणीही, सांगणार नाही." हे माझ्याकडे बोट दाखवून.

मॅडम हसल्या. मग फाईल उघडून म्हणाल्या, ऑफिसात दहा तक्रारींतल्या सहांसाठी मेकॅनिक धाडावा लागतो, सूनबाईच्या दहांतल्या फक्त तिनांसाठी. हे कसं होतं तेच बघायला त्या मुद्दाम इथे आल्या होत्या. मी नकाशा लावला नसता तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. जाताना मला म्हणाल्या, "फुलं छान होती," आणि मी नकाशा उतरवायला घेतला.

आठ दिवस पत्र नाही. नवव्या दिवशी आलं. ज्यांना हवं त्यांनी घरून काम करावं. कंपनी प्रत्येकाला एकेक मशीन पोचतं करेल, आणि ऑफिसच्या दोन मजल्यांतला एक सोडून देईल. मास्तरांसाठी वेगळा कागद होता: ऐकलेलं बाहेर सांगणार नाही, खाली सही. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि विचारलं, "सुट्टी कोणत्या वारी?"

संध्याकाळी मी सूनबाईला विचारलं, "खरं सांग, नाही म्हणाले असते तर?"

ती हेडफोनची वायर गुंडाळत होती. म्हणाली, "राजीनामा लिहून टेबलावर ठेवला होता, मावशी. पण बाबांनी तो कापून त्याचं कॉलरचं माप केलं. म्हणाले, मापाला कागद चांगला जाड होता."