वैजूताईचा उजवा हात

मिठागरांवरून येणारा खारट वारा, भेगाळलेली करडी जमीन आणि त्या जमिनीच्या जराशा उंचवट्यावर एक पाय मागे रोवून उभी असलेली वैजूताई... डोळे मिटले की आजही आधी हेच दिसतं. पांढरा चेंडू, त्यावरची लाल टाक्यांची वळणं, आणि टाक्यांवर दोन बोटं ठेवून क्षणभर निश्चल झालेला तिचा उजवा हात. मग गुडघा छातीपर्यंत उचलला जाई, सारं शरीर ताणलं जाई, आणि चेंडू सुटला हे कळायच्या आत समोरच्या चामडी हातमोज्यात 'थप्' असा आवाज होई. त्या आवाजाने बांधावरचे बगळे उडत आणि पुन्हा तिथेच येऊन बसत.

गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरला राहायला आलो तेव्हा मी पाचवीत होते. वैजूताई आमच्याच मजल्यावर राहायची. तिचे वडील रत्नागिरीकडचे, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करणारे. संध्याकाळी ते जिन्याने वर येत तेव्हा तापलेल्या धातूचा आणि मेणाचा एक जड वास त्यांच्यामागून रेंगाळत राही. त्यांची ही एकुलती एक मुलगी बेसबॉल खेळायची. महाराष्ट्राच्या संघात ती पिचर होती, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारी. सारा सामना तिच्या हातावर तोललेला असे. पण आमच्या गल्लीत तो खेळ कुणी पाहिलेलाच नव्हता. "क्रिकेटच ना?" असं जो तो विचारी, आणि ती न कंटाळता सगळ्यांना समजावून सांगे.

स्वतःचा सराव आटोपला की ती वस्तीतल्या मुलींना गोळा करी. त्यासाठी दारोदार फिरे. आमच्याकडे आली तेव्हा बाबा पेपर वाचत होते.

"काका, मीनूला ग्राउंडवर नेऊ का? दिवे लागायच्या आत आणून सोडते."

"अगं, पण हा खेळ इथे खेळतंय कोण?"

"मी खेळते ना, काका," ती म्हणाली. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि मला हाक मारली.

असं करत करत आम्ही बऱ्याच जणी जमलो. शेजारच्या बिल्डिंगमधली फाल्गुनी, जी मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलायची, ती माझी जिवाभावाची मैत्रीण झाली ती तिथेच. वैजूताई आम्हाला चेंडू पकडायला शिकवी. कडक झालेल्या जुन्या हातमोज्यांना खोबरेल तेल चोळून मऊ करायला लावी. घरी आल्यावरही हातांना तो वास येत राही... चामडं, खोबरेल आणि मिठागराची माती यांचा मिळून झालेला, दुसऱ्या कशालाच न येणारा. आई म्हणे, "आधी हात धू, मग ताटाला लाव." मी हात धुवायचे, पण अर्धवटच.

त्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेहून परतली ती उजवा हात झोळीत घेऊन. खांद्याचा स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पावसाळाभर चेंडूला हात लावायचा नाही. नीट विश्रांती मिळाली तरच खांदा पूर्ववत होईल. आणि नेमकं त्याच सुमारास तिला भारताच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. शिबिर गणपतीनंतर होतं. तिथे निवड झाली तर खेळाडूंसाठीच्या जागेतून सरकारी नोकरी मिळेल, वडिलांचा कारखाना सुटेल, असं तिची आई, जिला आम्ही मावशी म्हणायचो, आमच्या आईला हळू आवाजात सांगे. मावशींच्या त्या आवाजात तेव्हा किती काय काय होतं, ते आज कळतं.

जुलैतल्या एका दुपारी भरती आणि पाऊस एकाच वेळी आले. खाडीचं पाणी नाल्यातून उलटं चढू लागलं, रस्ते बुडाले, आणि नाल्यापलीकडच्या बैठ्या चाळीला चारी बाजूंनी पाण्याने वेढलं. आम्ही जिन्याच्या खिडकीतून पाहत होतो. माणसं पत्र्यांवर चढली होती: पोरं, म्हातारे, आणि दिवस भरत आलेली एक बाई, डोक्यावर प्लॅस्टिक धरून बसलेली. मधल्या नाल्याला अशी ओढ होती की पोहणारे दोघे तरुण कमरेपर्यंत उतरून परत फिरले. अग्निशमन दलाला फोन झाला होता, पण मुख्य रस्ताच पाण्याखाली होता. मंडपवाल्याने जाड दोर आणला. तो पलीकडे फेकायचा कसा? पाण्याने जड झालेला दोर निम्म्यातच पडे आणि वाहून जाई.

वैजूताई घरात गेली आणि चेंडू घेऊन आली. तळमजल्यावरचे सावंतकाका रविवारी खाडीवर गळ टाकून बसत. त्यांची नायलॉनची बारीक दोरी तिने चेंडूच्या टाक्यांतून ओवून घट्ट बांधायला लावली. ही दोरी पलीकडे पोचली की तिच्यामागून मोठा दोर ओढून घेता येणार होता. मावशी जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"वैजू, खांदा गं तुझा... शिबिर आहे ना?"

"आई, पोरं आहेत पत्र्यावर."

इतकंच. मावशी बाजूला झाल्या.

गुडघाभर पाण्यात पाय रोवून तिने पहिल्यांदा चेंडू फेकला. वाऱ्याने तो वळवला आणि पत्र्याच्या अलीकडेच तो पाण्यात बुडाला. दोरी ओढून घेतली. दुसऱ्या वेळी दोरीच मध्ये अडकली. मग पुन्हा, आणि पुन्हा... प्रत्येक फेकीनंतर ती खाली वाकून डाव्या हाताने खांदा दाबून धरी, आणि पावसात तिचा चेहरा पांढराफटक दिसे. "दीदी, इधर! इधर!" असं पलीकडून कुणीतरी हात हलवून ओरडत होतं. शेवटी चेंडू गेला तो सरळ, खालून, वाऱ्याच्या पोटातून गेल्यासारखा, आणि पत्र्यावरच्या माणसाने तो छातीशी कवटाळला. त्याच क्षणी वैजूताई पाण्यात गुडघ्यांवर बसली. ती किंचाळली नाही. फक्त तिचा उजवा हात विचित्र लोंबकळत होता.

दोन्हीकडे बांधलेल्या मोठ्या दोराला धरून संध्याकाळपर्यंत सगळी माणसं अलीकडे आली. ती गरोदर बाई आमच्या घरी होती. आईने तिला स्वतःचं कोरडं पातळ नेसवलं, गरम कांजी पाजली. वैजूताई मात्र शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती.

शिबिराला ती गेली नाही. शस्त्रक्रिया झाली, पण हात खांद्याच्या वर कधीच गेला नाही. पुढे तीही वडिलांच्याच कारखान्यात भांड्यांच्या पॅकिंगला लागली. दिवाळीनंतर जमीन सुकली तशी ती ग्राउंडवर आली आणि डाव्या हाताने आम्हाला चेंडू टाकू लागली. ते चेंडू कुठेही जात. आम्ही हसायचो, तीही हसायची. मग पुढची कित्येक वर्षं, नव्या नव्या मुलींना घेऊन, ती तशीच येत राहिली. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाचं शिक्षण थांबवायला निघाले, की वैजूताई कारखान्यातून सुटून थेट त्या घरी जाऊन बसे. दर पावसाळ्यात नाल्याकाठच्या म्हाताऱ्यांना आधीच वर हलवायचं कामही तिने आपल्याच अंगावर घेतलं होतं.

एकदाच मी विचारलं होतं, बरीच मोठी झाल्यावर. "ताई, वाईट वाटतं का गं?"

ती "वाटतं ना," म्हणाली. "रोज वाटतं. पण त्याचं काय करायचं, ते अजून कळलं नाही."

यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. दुखणं पोटाचं होतं, उशिरा कळलं. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फलकावर 'ज्येष्ठ क्रिकेटपटू' असं छापलं होतं. एक पाहुणे तिने घेतलेल्या बळींविषयी बोलले. फाल्गुनी उभी राहिली, "वो क्रिकेट नहीं था," एवढंच म्हणाली, आणि खाली बसली. मग मी त्या जुलैविषयी सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. एक-दोघांनी माना डोलावल्या. नाल्याजवळची ती चाळ कुठली, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या रांगेत बसलेल्या मावशी माझ्याकडे पाहत होत्या, पण आता त्यांना ऐकू येत नाही.

सभेनंतर आम्ही चौघी जुन्या मैत्रिणी काही न ठरवता चालत ग्राउंडच्या दिशेने गेलो. तिथे आता उंच इमारती आहेत. पार्किंग, कारंजं, काचेची लॉबी. कुठे उंचवटा होता आणि कुठे बांध, ते आम्ही हातवारे करून एकमेकींना दाखवू लागलो, पण कुणाही दोघींच्या खुणा काही जुळेनात. तेवढ्यात गेटवरचा वॉचमन केबिनमधून बाहेर आला.

"किससे मिलना है, मॅडम?" त्याने अदबीने विचारलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग फाल्गुनीच म्हणाली, "किसीसे नहीं, भैया," आणि आम्ही स्टेशनकडे जाणारी रिक्षा शोधू लागलो.