वाचल्याशिवाय ओके नाही

आपाला ओके दाबायची भारी चीड. मोबाइलवर साधी परवानगीची चौकट आली तरी ती चष्मा शोधायची, सगळी वाचायची आणि मगच बोट उचलायची. "जे वाचता येत नाय, त्याला हो म्हणायचं नाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. ती शहरातल्या छावणी भागातून रोज करमाडजवळच्या आमच्या कारखान्यात यायची. देखभाल विभागाची प्रमुख. पण मॅनेजरसाहेबांसकट सगळ्यांची आपाच.

एकदा तिच्या रजेत चीनहून प्लॅस्टिकचे डबे बनवणारं मशीन आलं. त्याचा प्रोग्रॅम चिनी, आमचा संगणक इंग्रजी. पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि प्रश्नचिन्हं नुसती सांडलेली. आमच्या लोकांनी अस्सल घरगुती तोडगा काढला: पडद्यावरच्या बटणांवर टिकल्या चिकटवल्या. हिरवी चालू, लाल बंद. अधूनमधून उगवणाऱ्या चौकटीच्या ओकेला पिवळी. मशीनवरची सुनीता ती दिवसभर दाबायची.

आपा परतली, टिकल्या पाहिल्या आणि तिनं मशीनच बंद केलं. बाहेर गाडी माल भरायला उभी. साहेब तणतणत आले.

"आपा, काम चाललंय ना?"

"चौकट काय म्हणते तेवढं सांगा साहेब, लगेच चालू करते."

साहेब वाकून पिवळ्या टिकलीकडं बघायला लागले.

मी तिच्याच विभागात. आधीच चिनी फॉन्ट टाकून पाहिला होता. ढिम्म फरक नाही. आपा म्हणाली, "अरे बाबा, अक्षरं हैत. संगणक चिनी मजकूर इंग्रजी समजून वाचायलाय." तिनं सेटिंगमध्ये जाऊन जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमसाठीची भाषा चिनी केली आणि संगणक पुन्हा सुरू केला. टोप्या गेल्या, स्वच्छ चिनी अक्षरं उमटली.

"पण आपा, चिनी तरी कुणाला येतं इथं?" मी विचारलं.

"चिनीला अर्थ विचारता येतो, बेटा. कचऱ्याला काय विचारणार?"

तिनं मोबाइलचा कॅमेरा चौकटीवर धरला. भाषांतर आलं: 'सुरक्षा दरवाजाचं कुलूप निकामी. आत हात घालू नका.'

सुनीताचा चेहरा उतरला. "आपा, अडकलेला डबा मी रोज हातानंच काढते की." आपा रागावली नाही. तिचे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. गाडी त्या दिवशी साहेबांनीच रिकामी परत पाठवली. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

गेल्या वर्षी आपा निवृत्त झाली. निरोपाला सुनीतानं घरून पुरणपोळ्या करून आणल्या होत्या. आपाला गोडाचं पथ्य होतं, तरी तिनं ताट पुढं केलं. म्हणाली, "दोन्ही हातांनी लाटल्यास ना? मग दोन वाढ."