तिच्या नावाची हजेरी

मुरबाडला बाजाराच्या मागच्या गल्लीत मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, कॉलेजचे फॉर्म, जे येईल ते. माणसं समोर बसतात आणि आपला पासवर्ड मोठ्यानं सांगून मोकळी होतात. मी कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवते, म्हणते, काका, तुमीच टाका. आता टाकता येत असतं तर ते माझ्याकडं आलेच कशाला असते. ते वैतागतात, मग मीही वैतागते. शेजारचा झेरॉक्सवाला मला चक्रम म्हणतो. म्हणेना का. दुसऱ्याच्या नावानं मशीनवर बसायचं म्हटलं की मी खुर्ची मागं सरकवते, आणि हे बारावीपासूनचं आहे.

अकरावीला आयटी घेतलं ते काही हौसेनं नाही. गणितापासून सुटका होते असं कुणीतरी सांगितलं म्हणून. आमचं गाव शेणव्याच्या बाजूला, कॉलेज शहापूरला. एसटी मिळाली तर पहिला तास मिळायचा. कॉम्प्युटरची लॅब वरच्या मजल्यावर, चपला बाहेर काढून आत जायचं. वीस मशीनं होती, त्यातली चालायची तेरा-चौदा, म्हणून एका मशीनवर दोघी. माझी जोडी जिच्याशी लागली ती आमच्याच बाजूची, पण गावातली नव्हे, गावाबाहेरच्या वाडीतली. तिचे आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचे. आमच्या विहिरीवर मी तिला कधी बघितलं नव्हतं. एवढं जवळ राहून आमची ओळख झाली ती शहापूरला, एका कीबोर्डवर.

ती हुशार होती. मी ठोंबी. वेबपेज बनवताना मी टॅग उघडायचे आणि बंद करायला विसरायचे, मग सगळं पान तिरपं नाहीतर ठळक व्हायचं. ती हसायची. म्हणायची, "दार उघडून जातेस नि तशीच बोंबलत फिरतेस. बंद कोण करील, मी?" तिनं वाडीचं एक पान बनवलं होतं. फिकट पिवळा रंग, वर वाडीचं नाव, खाली घरांची यादी. प्रत्येक ओळीनंतर ती एक ओळ मोकळी सोडायची. मी विचारलं का, तर म्हणाली, "वाचणाऱ्याला दम घ्यायला."

लॅबची हजेरी आमचे मोठे सर मशीनवर घ्यायचे. ज्यानं त्यानं आपापल्या नावानं लॉगिन करायचं, की यादीत नावापुढं हिरवा ठिपका, नाहीतर लाल. अर्धा तास एकीचं, अर्धा तास दुसरीचं. सर बारावीला शिकवायला नव्हते, प्रॅक्टिकल घ्यायला नवीन मॅडम होत्या आणि त्यांना दोन तुकड्यांतली आम्ही साठ पोरं सारखीच दिसायचो. सर फक्त शनिवारी ती यादी काढून बघायचे.

बोर्डाचे फॉर्म भरून झाले, दिवाळी झाली, आणि तिचा बाप तिलाही भट्टीवर घेऊन निघाला. आदल्या वर्षी सोबतीला आजी होती, आता घरी एकटीला ठेवायची कुणाची छाती नव्हती. जायच्या आदल्या दिवशी तिनं वहीच्या कागदावर पासवर्ड लिहून दिला. "माजी दोन प्रॅक्टिकलं राहिलीत, तेवढी पुरी कर गो. परीक्षेला मी येनार." एवढंच म्हणाली. हजेरीचं ती काही बोलली नव्हती.

ते डोकं माझं. आमच्या गावात सगळ्यांना एकच धाक, गैरहजर राहिलं की नाव कमी होतं, मग परीक्षेला बसू देत नाहीत. मी ठरवलं, तिचं नाव कमी होऊ द्यायचं नाही. दोन प्रॅक्टिकलं झाली, तरी मी तिच्या नावानं लॉगिन करत राहिले. पहिला अर्धा तास मी, दुसरा अर्धा तास ती. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा.

मग काहीतरी विचित्र व्हायला लागलं. तिच्या नावानं बसले की माझे टॅग बरोबर बंद व्हायचे. बोटं झरझर चालायची. मी न ठरवता ओळीनंतर ओळ मोकळी सुटायची. माझ्या खात्यात मी तीच ठोंबी. एकदा मॅडम खुर्चीमागं येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझी पार्टनर कुठाय?" मी म्हटलं, "आत्ता होती मॅडम, पाणी प्यायला गेलीय." आणि मीच वळून दाराकडं बघितलं, ती आत येते की काय म्हणून. त्या दिवसापासून शेजारच्या रिकाम्या स्टुलावर दप्तर ठेवायचं मी बंद केलं. ठेववेना. तिचा बाप फोन उचलत नव्हता, नंतर तो बंदच लागायला लागला. तरी शनिवारच्या यादीत ती रोज हजर होती.

प्रॅक्टिकल परीक्षेला ती आली नाही. सरांनी तिचं नाव पुकारलं, दोनदा. मग मला बाहेर बोलावलं. "काल तर होती ना ती?" त्यांनी यादी उघडली, कुठल्या मशीनवरून, किती वाजता, सगळं त्यात होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "अगं, यादीत लाल दिसली असती तर मी गेलो असतो ना."

तेव्हा मला कळलं. दर वर्षी जानेवारीत सर मोटारसायकल काढून भिवंडीकडच्या भट्ट्या फिरायचे. लाल ठिपक्यांची पोरं शोधायची, बापाची समजूत घालायची, आणि परीक्षा होईपर्यंत आपल्या घरी आणून ठेवायची. वाडीत हे पोराटोरांना ठाऊक होतं. आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आमच्यातलं कुणी भट्टीवर जात नव्हतं. त्या वर्षीही सर गेले होते. दोन मुलं आणली. तिच्या भट्टीच्या रस्त्यावरूनच गेले असणार. ती हजर होती, मग तिला शोधायचं कशाला?

त्याच दुपारी सर पुन्हा भट्ट्यांवर गेले. मुकादमानं त्या कुटुंबांना आठवडाभरापूर्वीच दुसरीकडं हलवलं होतं. कुठं ते कुणी सांगेना. लेखी परीक्षाही तिच्याशिवाय झाली.

पावसाच्या तोंडावर वाडीची माणसं परत आली. सरांनी मला निरोप धाडला, "तूच जा. काय झालं ते खरं खरं सांग, आणि म्हणावं, जुलैच्या परीक्षेचा फॉर्म मी भरतो, तू फक्त ये." मी गेले. ती अंगण सारवत होती, काळी पडली होती, हात चिरलेले. मला बघून हसली. मी आधी फॉर्मचं सांगितलं. सोपं ते आधी.

ती सारवतच राहिली. मग म्हणाली, "आता आठवली व्हय मी सरांना? दर आयतवारी आंघोळ करून बसायची. पिशवी भरून. माज्या चुलतभावाला नेलंन तसं मला न्यायला येतील म्हून. शेजारच्या भट्टीवरनं दोघांना घेऊन गेले, मी लांबून गाडी बघितली. हाक पन मारली." सारवणाचा हात पुढं ओढत म्हणाली, "मी हुशार हाय असं माजं मलाच वाटत व्हतं गो."

तोंडाशी आलेलं होतं. एक वाक्य होतं, सर तुला विसरले नाहीत, तुझी गैरहजेरी मी लपवली. तेवढं बोलले असते तर ती उठून हात धुऊन माझ्याबरोबर आली असती, याची मला आजही खात्री आहे. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "सरांना पण किती पोरं असतात, राहून गेलं असेल."

"नको मंग," ती म्हणाली. "नाय बसायचं मला."

सरांनी विचारलं, "सांगितलंस सगळं?" मी हो म्हटलं. "तरी नाही म्हणाली?" त्यालाही हो म्हटलं. ते मान हलवत जिना चढून गेले.

तिनं बारावी कधी दिली नाही. सर आता निवृत्त झालेत, पण अजून शहापूरच्या बाजारात दिसतात. मागच्या महिन्यात मी माहेरी गेले होते, बाजारात सर भेटले, तेव्हा भाजीच्या रांगेत तीही होती. सरांनी तिला ओळखलं, हात वर केला, नावानं हाक मारली. तिनं ऐकलं आणि तोंड फिरवून चालू लागली. सर माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "माझं काय चुकलं असेल गं?" मी म्हटलं, "घाईत असेल सर."