ज्याची कात्री, त्याची सुई

समोर कुणीही उभं राहिलं की मामा आधी त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून चोळत, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत. तमिळ मुलखात, मेलकावेरीतल्या आमच्या गल्लीत ते शिंपीकाम करीत; सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणे. माझ्या लग्नातल्या सदऱ्याची बाही चोळून म्हणाले होते, "राव, बायको टिकेल. हे टिकणार नाही." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यांच्यापुढे जाताना आपण नकळत सदरा नीट करतो.

घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ, हा पिढ्यान्पिढ्या इथं राहिलेल्या आम्हा सगळ्या मराठी घरांचाच रिवाज. मामांची मराठी तर इतकी जुनी, की पुण्याहून आलेला माझा मेहुणा ती ऐकून हसू दाबायचा. मामा त्याच्या कोटाची शिवण बघून उघड हसत.

वर्षभर ते सदरे-झबली शिवत, पण त्यांचा जीव तोंबैत. रंगीत कापडाचे तुकडे जोडून केलेल्या या लांब नळ्या देवाच्या रथाला लोंबवतात. रथ हलला की त्या झुलतात. जवळच्या तिरुविडैमरुदूरच्या देवळातल्या रथाच्या तोंबै मामांकडे शिवायला असत. घराण्याचा नेम एकच होता: ज्याची कात्री, त्याची सुई. आपण कापलेलं कापड दुसऱ्या शिंप्याच्या हाती द्यायचं नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. साल नक्की आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. तोंबैचं कापड कापून झालं आणि मामांना हृदयविकाराचा झटका आला. त्या काळी यावर मुख्य उपाय म्हणजे अंथरूण. कित्येक आठवडे उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुखणं मात्र लवकर थांबलं, आणि आपण बरे झालो असं मामांनी ठरवून टाकलं. एका दुपारी वैनी, म्हणजे त्यांची बायको, पाण्याला गेल्या तेव्हा ते उठून मशीनवर बसले. वैनी परतल्या तर मामा घामानं भिजून मशीनवर डोकं टेकून होते. मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं.

तपासून झाल्यावर डॉक्टर रागावले नाहीत. खाटेवर बसून त्यांनी तमिळमध्ये समजावलं, की हृदयाला रक्त नेणारी एक नळी आतून चिरली होती, तिथं गुठळी बसली, आणि आता त्या जागेवर हळूहळू नवं अस्तर धरतंय.

मामांनी त्यांची बाही चिमटीत धरली. "अस्तर कसलं? मांजरपाट की रेशीम?"

"सध्या नुसता कच्चा टाका आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखायचं थांबलं म्हणजे शिवून झालं, असं नाही. पाय चालवलेत तर उसवेल."

मामांनी बाही सोडली. पक्कं झाल्यावर नळी पहिल्यासारखी होईल का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं: जागा भरते, पण जाड आणि कडक राहते, वाट थोडी अरुंदच होते. मशीनचं पायडल मात्र कायमचं बंद.

उत्सव जवळ आला. देवळाकडून माणूस आला आणि काम दुसऱ्या शिंप्याला देऊ का, असं अदबीनं विचारून गेला. मामा भिंतीकडे तोंड करून पडले आणि जेवले नाहीत. मला वाटलं, आता हा माणूस झटक्यानं नव्हे, या कापडानं जाणार.

डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली त्या दिवशी वैनींनी मशीनचं चाक पायडलला जोडणारा पट्टा काढून ठेवला. कधी मशीनला हात न लावलेली बाई. म्हणाल्या, "टाका तुम्ही घाला. चाक मी हातानं फिरवते. कात्री तुमची, सुई तुमची, पाय कुणाचेच नाहीत."

मामा स्टुलावर बसून कापड सरकवत, वैनी उजवीकडे उभ्या राहून चाक फिरवत. सुरुवातीला ओरडा खूप झाला. "हळू, अग, बैल हाकतेस काय?" मग आवाज कमी होत गेला.

रथाच्या दिवशी मामांना गर्दीत जायची बंदी होती. मी जाऊन आलो. शिवण कुठं ओढली गेली का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. तेव्हा स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "चाक एकसारखं फिरलं, म्हणून."

पुढं काही वर्षं ते दोघं असंच शिवत राहिले. मामा गेल्यावर एकदा मी नातवाचं झबलं शिवायला द्यायला गेलो. वैनी मशीनवर होत्या. डाव्या हातानं कापड सरकवत होत्या, उजव्या हातानं चाक फिरवत होत्या. उभ्या राहूनच. स्टूल समोर होतं, रिकामं.