देवांना पट्टा, नात मांडीवर

मला देवाबद्दल शंका आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, देवालाही असावं. त्यामुळे अनुभव सांगायला बसलेल्या माणसाचा जो पोक्त चेहरा असतो, तो मला जमणार नाही. जे घडलं तेवढं सांगतो. त्याला कृपा म्हणायचं की नाही हे ठरवण्याची माझी हौस त्या दिवशी घाटात बरीच कमी झाली.

नातीचं, चिमीचं, जावळ काढायचं होतं. तिला तिसरं वर्ष लागलेलं. आमच्या कुळस्वामिनीचं देऊळ कुडपणच्या अंगाला, पठारावर आहे. मुलगी आणि जावई स्वयंपाकाचं सामान घेऊन आदल्या दिवशीच वर गेले. चिमीला मी आणि हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सकाळी महाडहून घेऊन जायचं होतं. निघण्यापूर्वी मुलीनं माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यांची लहान खुर्ची घट्ट बसवून दिली आणि बजावलं, "बाबा, हिला यातच बसवायचं. आणि गाडी चालवताना फोन नाही." मी हसलो. मी निवृत्त मुख्याध्यापक. रस्ता सुरक्षा सप्ताहातले निबंध वर्षानुवर्षं तपासले आहेत. चालवताना फोन हातात घेणं हा गुन्हा आहे, लहान मुलाला त्याच्या मापाच्या आसनात पट्टा लावून बसवायला हवं, हे सगळं मी मुलांकडून पाठ करून घेतलं. पाठ केलेलं करायचंही असतं, हा भाग बहुधा अभ्यासक्रमाबाहेर राहिला.

घोटाळा टाकांमुळे झाला. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरच्या आमच्या देवांच्या छोट्या प्रतिमा, कुळस्वामिनीच्या भेटीला न्यायची पद्धत आहे. ते परडीत घालून हिनं आणले आणि प्रश्न उभा राहिला : परडी ठेवायची कुठे? डिकीत चपलांची पिशवी होती. पायाशी देव ठेवायचे नसतात. नुसते सीटवर ठेवले तर घाटात कलंडणार. तेवढ्यात चिमीनं आजीच्या मांडीसाठी भोकाड पसरलं आणि प्रश्न आपोआप सुटला. घाटात मागं बसलं की हिला मळमळतं, म्हणून ही चिमीला घेऊन पुढं बसली. मागच्या लहान खुर्चीत, सगळे पट्टे आवळून, देव बसले. सोबत नारळ आणि हळदीचा पुडा.

"कसे ऐटीत बसलेत बघा!" ही म्हणाली. मलाही ते शोभून दिसल्यासारखं वाटलं. हे मी लाजेनं लिहितो.

वर देवळाच्या समितीचा अध्यक्ष म्हणजे माझा चुलतभाऊ. त्यानं आमच्या स्वागताला कमान उभारली होती, माझ्यासाठी शाल आणली होती आणि खालूबाजाची वाजंत्री बोलावली होती. गाडी दिसण्याच्या नेमकं किती वेळ आधी वाजवायला सुरुवात करायची, ही त्याची चिंता. पोलादपूरला आम्ही वडे खाऊन निघालो तोवर त्याचे तीन फोन येऊन गेले. आंबेनळी घाटाच्या चढाला चौथा आला. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात फोन.

"दादा, कुठवर आलास? वाजवणारे उभे हायत ना रे!"

"आलोच," म्हणेपर्यंत समोर शेळ्या. रस्ताभर. मी थांबलो. त्यांच्यामागून एक बाई आली, चाळिशीची, खांद्यावर कोयता. तिनं आधी मागच्या काचेतून पाहिलं, मग पुढच्या.

"देवाला पट्टा, नि पोर उघड्यावर? काय गो आई, देव पडायला भितो काय?"

"अगं, देव खाली कसे ठेवायचे?" ही म्हणाली.

"तुझ्या मांडीवर ठेव की. आमच्या वाडीतली जीप दगडाला अडली तवा पोर आईच्या मांडीवरनं सुटलं, कपाळ काचेला. अजून टाक्यांचा वण हाय." मग माझ्याकडे वळून, "आनि तू रे बाबा? इथं वळनाला बोलतोस कुनाशी?"

माझ्याशी असं मुख्याध्यापक झाल्यापासून कुणी बोललं नव्हतं. तिला सांगण्यासारखे तीन मुद्दे मनात तयार होते. पण शेळ्या हलेनात, आणि खरं म्हणजे तीनही मुद्दे तिच्याच बाजूचे होते. आम्ही उतरलो. चिमी रडत रडत खुर्चीत गेली, परडी, नारळ नि हळदीसकट, हिच्या मांडीवर आली. हिलाही तिनं पट्टा लावायला लावला. माझा फोन मागून घेऊन परडीत टाकला. "राहूदे देवापाशी," म्हणाली आणि शेळ्यांना हाकारून निघून गेली.

देवळाकडे वळणारा फाटा घेतला आणि परडीत फोन वाजू लागला. माझा हात सवयीनं गेला.

"वडा खाल्लेल्या हातानं देवांना शिवू नका!" ही कडाडली.

मी हात मागे घेतला, स्टिअरिंग धरलं, समोर पाहिलं. वळणावर एक रेडकू उडी मारून रस्त्यात आलं. मी दोन्ही पायांनी जणू ब्रेकवर उभा राहिलो. गाडी रेडकापासून हातभर अंतरावर थांबली. परडीतला नारळ सुटून समोरच्या काचेवर आदळला आणि काचेला ताऱ्यासारखा तडा गेला. हळदीचा पुडा फुटला. आम्ही दोघं पिवळेधमक. मागं पट्ट्यांत चिमी जागच्या जागी होती. क्षणभर तिनं आमच्याकडे पाहिलं आणि खदखदून हसली. "आजोबा पिवले!"

आम्ही दोघं काचेकडे बघत राहिलो. नारळ जिथून उडाला, तिथं तासापूर्वी कोण बसलं होतं, हे एकमेकांना सांगायची गरज नव्हती. ही रडली. मी हळदीमुळे डोळे पुसले, असं नंतर मुलीला सांगितलं.

वर पोचलो तर भाऊ चिडलेला. "फोन उचलायचास तरी! वाजवणारे दमले." त्या बाईबद्दल सांगितलं तर म्हणाला, "ती होय! ती सगळ्यांनाच थांबवते. मुद्दाम शेळ्या घालते रस्त्यात."

माझ्यासारख्याला हे स्पष्टीकरण पुरायला हवं होतं. पण कुळस्वामिनीसमोर चिमीच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवून उभा असताना मला ते स्पष्टीकरण कमी न वाटता जास्तच वाटलं. कुणीतरी रोज रस्त्यात उभं राहतं, अनोळखी पोरांसाठी, मोठ्यांच्या शिव्या खात. कृपेचं याहून वेगळं रूप असेल तर मला ठाऊक नाही. आणि शरण जाणं म्हणजे काय, याचा माझ्यापुरता अर्थ लागला : बरोबर सांगणाऱ्याचं, तो कोण आहे हे न विचारता, ऐकणं. हात जोडताना मी काही मागितलं नाही. मिळालेलं मागच्या सीटवर बसून परत यायचं होतं.

उतरताना ती तिथंच भेटली. मी गाडी थांबवली, प्रसाद दिला आणि काय झालं कळलं नाही, पण आयुष्यात कुणाच्या पाया न पडलेला मी तिच्यासमोर वाकलो.

ती दोन पावलं मागे सरली. "अगो बाय! पाया काय पडतोस म्हाताऱ्या, वळनावर गाडी लावून? मागनं एसटी येतेय, बाजूला घे आधी!"

मी मुकाट्यानं बाजूला घेतली.